तोंडाला सुटणारं पाणी, त्यातली प्रथिनं आणि नसांमधून येणारी पेप्टाइडं

नक्षत्रवेल | रविवार, रात्री ९:४०

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, वय बहात्तर. संध्याकाळी चार वाजता चहा आणि खारी हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. परवा त्यांच्याकडे गेले तर खारी बशीत तशीच पडलेली. म्हणाले, "घास फिरतच नाही गं तोंडात. टाळूला जाऊन बसतो." वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून तीन महिन्यांपासून त्यांना एक गोळी चालू आहे, त्या गोळीने तोंडाला कोरड पडते हे ठाऊक होतंच. पण पुढे ते जे बोलले ते ऐकून मी थांबले. "कोरड म्हणावी तर नुसती कोरड नाही. चिकट झालंय तोंड. बोट लावलं तर तार निघते." हीच तक्रार त्यांनी दवाखान्यात सांगितली होती. तिथे "पाणी पीत जा" एवढंच उत्तर मिळालं.

मी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. लाळग्रंथी हा माझा आवडीचा विषय, अनेक वर्षं त्यात रमले आहे. काकांची तक्रार शास्त्राच्या अंगाने तंतोतंत बरोबर आहे आणि ती कुणी नीट ऐकून घेतली नाही याचं मला वाईट वाटलं. लाळ किती येते हा एक प्रश्न आणि लाळेत काय येतं हा दुसरा. शरीर या दोन्हींचा कारभार वेगवेगळ्या वाटांनी चालवतं. त्या दुसऱ्या वाटेबद्दल मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. आपल्याला लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. गालगुंड होतं तेव्हा सुजते ती कानाच्या पुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमॅण्डिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात आणि झोपेत जवळजवळ थांबतात. पोट किंवा स्वादुपिंड संप्रेरकांच्या निरोपावर बरंच काम करतं. लाळग्रंथींचा खरा मालक मात्र चेतासंस्था. नस तोडली तर ग्रंथी हळूहळू आकसते.

१८५१ साली कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या जबड्याखालच्या ग्रंथीकडे जाणारी नस विजेने उद्दीपित केली आणि लाळ वाहू लागली. नस म्हणतेय ती रक्ताची नव्हे, चेतातंतूंची जुडी. पुढे १८७२ मध्ये रुडॉल्फ हायडेनहाइनने तोच प्रयोग ॲट्रोपिन टोचून केला. ॲट्रोपिन धोतऱ्याच्या कुळातलं औषध, तेव्हा लाळ बंद झाली यात नवल नव्हतं. पण ग्रंथीतल्या रक्तवाहिन्या पहिल्यासारख्याच फुलत होत्या! नस तीच, विजेचा धक्का तोच, मग एक परिणाम पुसला गेला आणि दुसरा का उरला? हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच लोंबकळत होता.

उत्तर असं निघालं की नसेच्या टोकाशी एकच रसायन नसतं. नसेचा निरोप पेशीला पोचवणारं ॲसिटिलकोलिन तर असतंच, त्याच्यासोबत छोटी प्रथिनं, म्हणजे पेप्टाइडंही भरलेली असतात. त्यातलं एक व्हीआयपी. पूर्ण नाव व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड, २८ अमिनो आम्लांची साखळी. सामी सैद आणि व्हिक्टर मुट यांनी १९७० मध्ये ते डुकराच्या आतड्यातून वेगळं काढलं. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्ये यान लुंडबर्ग आणि टोमास हॉकफेल्ट यांच्या गटाने मांजराच्या लाळग्रंथीत दाखवलं की ॲसिटिलकोलिन आणि व्हीआयपी एकाच चेतापेशीत नांदतात. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिनची वाट अडवतं (काकांची गोळीही तेच करते), व्हीआयपीच्या वाटेला ते जातही नाही.

दुसरं सबस्टन्स पी. त्याची कथा तर लाळेशीच बांधलेली आहे. १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात ते सापडलं, पण रचना कुणाला उलगडेना. १९६० च्या दशकात सुझन लीमन अमेरिकेत गाईबैलांच्या मेंदूच्या अर्कात भलतंच एक संप्रेरक शोधत होत्या. अर्काचा एक भाग उंदरांना टोचला की त्यांच्या तोंडातून लाळ वाहायची. दुसऱ्या कुणी तो भाग बाजूला सारून पुढचं काम धरलं असतं. त्या मात्र त्या लाळेच्या मागे लागल्या, आणि १९७१ मध्ये ११ अमिनो आम्लांची साखळी हाती आली. तीच सबस्टन्स पी.

आता मुद्द्यावर येते. लाळेतलं पाणी आणि लाळेतली प्रथिनं पेशीतून बाहेर पडतात ती दोन वेगळ्या यंत्रणांनी. ॲसिटिलकोलिन एम-३ ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर, बसलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, क्लोराइडच्या वाटा उघडतात, क्लोराइडमागून सोडियम आणि त्यांच्यामागून पाणी. सबस्टन्स पी एनके-१ ग्राहीवर बसून याच कॅल्शियमच्या वाटेने जातं. व्हीआयपीची तऱ्हा निराळी. त्याने पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो, आणि प्रथिनांनी भरलेले कण पेशीच्या टोकाशी जाऊन फुटतात. पाणी जेमतेम, प्रथिन भरपूर.

आमच्या विभागात काचपट्ट्यांची एक जुनी लाकडी पेटी आहे. त्यातल्या उंदराच्या पॅरोटिडच्या दोन पट्ट्या मी दर वर्षी मुलांना दाखवते. पहिली रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराची. प्रत्येक पेशी कणांनी गच्च, भिजलेला साबुदाणा वाटीत दाबून भरावा तशी. केंद्रक बिचारं तळाला सरकलेलं. दुसरी खाऊन झाल्यावरची. पेशीचा तळ मोकळा, स्वच्छ, आणि उरलेले थोडे कण मधल्या पोकळीच्या काठाला लागून. रिकाम्या झालेल्या कणांतलं सगळं त्या एका जेवणात लाळेत उतरलेलं असतं.

आणि मला सर्वात थक्क करणारी गोष्ट ही: ॲट्रोपिन दिलं, शिवाय ॲड्रेनलिनच्या दोन्ही वाटा औषधाने बंद केल्या, तरी परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक, म्हणजे लाळेचा मुख्य हुकूम आणणारी) नस उद्दीपित केली की उंदराच्या पॅरोटिडमधले कण रिकामे होतात. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला यॉर्गन एकस्ट्रोम यांच्या गटाने यावर अनेक वर्षं काम केलं. लाळ थोडीच येते, पण प्रथिनांनी दाट. ती सगळी पेप्टाइडांची करणी.

काकांच्या तोंडातली तार पाहिली आणि हे सगळं आठवलं. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

चिंचपोकळीकर | रविवार, रात्री १०:१५

वाचतोय. एक भाबडी शंका. लाळेचं काम घास ओला करणं. त्यात प्रथिनं हवीतच कशाला? पाण्याने भागत नाही का?

---

नक्षत्रवेल | रविवार, रात्री ११:०५

चिंचपोकळीकर, भागत असतं तर पाण्याची बाटली जवळ बाळगून काका खारी खाऊ शकले असते. पाण्याने घास भिजतो, घसरत नाही. घसरतो तो म्युसिनमुळे. म्युसिन म्हणजे साखरेच्या फांद्या लागलेलं लांबलचक प्रथिन, ते पाणी धरून ठेवतं आणि दात, जीभ, टाळू यांवर बुळबुळीत थर देतं. पोळीचा घास चावत राहिलं की गोड लागतो तो ॲमिलेजमुळे, हे शाळेत शिकलोच. स्टॅथेरिन दातांभोवतीचं कॅल्शियम विरघळलेल्या रूपात धरून ठेवतं. हिस्टॅटिन बुरशीला मारतं, लाळ आटलेल्यांच्या जिभेवर पांढरी बुरशी धरते त्याचं हे एक कारण.

माझं लाडकं प्रथिन वेगळंच आहे. प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल ज्यांत खच्चून भरलंय अशा प्रथिनांचं एक कुटुंब पॅरोटिडमधून येतं. कच्चं जांभूळ खाल्लं, किंवा चहा उकळून उकळून काळा झाला, की जीभ खरखरीत होते ना? तिथे टॅनिन या प्रथिनांना पकडतं, दोघांचा साका होतो आणि तोंडातलं वंगण निघून जातं. 'तुरट' म्हणतो आपण त्याला. त्याच पकडापकडीत टॅनिन बांधलं जातं आणि पुढे पोटात त्याचा त्रास कमी होतो.

दिवसभर चेतातंतू ही सगळी भांडी भरून-रिकामी करत असतात.

---

भूलवाला_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७:२०

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. शस्त्रक्रियेआधी लाळ कमी करायला आम्ही ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन देतो. नळीतून ओढताना कधी कधी थोडंसंच पण घट्ट, दोरीसारखं निघतं ते रोजच्या पाहण्यातलं आहे. पाणी आटलं म्हणून दाट झालं, एवढाच विचार केला होता.

माझा प्रश्न: व्हीआयपी ॲट्रोपिनला जुमानत नाही, तर मग ॲट्रोपिन दिल्यावर तोंड इतकं कडकडीत का कोरडं पडतं? पेप्टाइडांनी थोडं तरी सांभाळून घ्यायला नको का?

---

नक्षत्रवेल | सोमवार, रात्री ९:३०

डॉक्टर, गाभ्याचा प्रश्न विचारलात. आज लोकलमध्ये दादरपर्यंत उभ्याने याच उत्तराची जुळवाजुळव करत होते.

पहिली गोष्ट, ॲसिटिलकोलिन आणि पेप्टाइडं टोकाशी एकत्र असली तरी त्यांची साठवण वेगळी. ॲसिटिलकोलिन लहान, फिकट पुटिकांमध्ये, म्हणजे बारीक पिशव्यांमध्ये, नसेच्या कडेला तयार उभं. पेप्टाइडं मोठ्या, गडद गाभ्याच्या पुटिकांमध्ये, जरा आत. नसेतून संदेश सावकाश येत असतील तर लहान पुटिकाच फुटतात. संदेशांची सर आली, झपाझप आले, तेव्हाच मोठ्या पुटिका मोकळ्या होतात. शांत बसलेल्या माणसाच्या तोंडात पेप्टाइडांचा वाटा म्हणून थोडा. आवळा चावला की वाढतो.

दुसरी, व्हीआयपीला एकट्याने पाणी हलवता येत नाही. मांजराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत नुसतं व्हीआयपी दिलं तर लाळ वाहत नाही. तेच ॲसिटिलकोलिनच्या जोडीने दिलं तर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त लाळ येते, आणि प्रथिन तर फारच जास्त. व्हीआयपीच्या सान्निध्यात ॲसिटिलकोलिन आपल्या ग्राहीला अधिक घट्ट धरतं असंही दिसलंय, शिवाय रक्तवाहिन्या फुलवून ग्रंथीला कच्चा माल म्हणजे रक्त पुरवण्याचं काम व्हीआयपीचंच. तबल्याशिवाय गाणं होत नाही असं नाही, पण नुसता तबला म्हणजे गाणं नव्हे. ॲट्रोपिनने गाणारा गप्प केला.

तिसरी तुम्हाला आवडेल. ॲसिटिलकोलिन नसेच्या टोकावर उलट जाऊन व्हीआयपीचं सुटणं आवरून धरतं. ॲट्रोपिनने तो लगाम सुटतो. म्हणून मांजरात ॲट्रोपिननंतर नस उद्दीपित केली तर व्हीआयपी कमी नाही, वाढलेलं सापडतं. पाणी बंद आणि प्रथिनाची हाक मोठी. तुमच्या नळीतली दोरी मुख्यतः पाणी आटल्याची आहे, तुमचा विचार बरोबरच होता. त्यात ही दुसरी बाजूही हातभार लावत असणार, असं माझं मत.

प्राण्याप्राण्यांत फरक मात्र मोठा. उंदराची पॅरोटिड ॲट्रोपिननंतरही थोडी लाळ देते, मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेटची सबमॅण्डिब्युलर देते, मांजराची देत नाही. उंदरात सबस्टन्स पी जोरदार, ते कॅल्शियम वाढवून पाणीही हलवतं. त्याच्यासोबत सीजीआरपी नावाचं पेप्टाइड दिलं तर जोर आणखी वाढतो, एकटं सीजीआरपी मात्र तिथे काही करत नाही.

---

मोरपीस | सोमवार, रात्री ११:५०

पहिल्यांदाच लिहितेय इथे. आईला जिभेच्या कडेला कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, नंतर परळला तेहेतीस दिवस रेडिएशन. आम्ही बदलापूरहून यायचो. आता सात महिने झाले, आजार आटोक्यात आहे. पण तिचं तोंड तुमच्या काकांसारखंच. सकाळी उठल्यावर ओठ एकमेकांना चिकटलेले असतात, कोमट पाण्याच्या फडक्याने सोडवावे लागतात. जेवण म्हणजे पेज, सूप आणि मिक्सरमधली खिचडी. ती म्हणते, चव गेली त्याचं नाही वाटत, बोलताना जीभ अडकते त्याचं वाटतं.

ताई, ही पेप्टाइडं गोळीच्या रूपात मिळत नाहीत का?

---

नक्षत्रवेल | मंगळवार, पहाटे ५:५०

मोरपीस, आईंना नमस्कार सांगा. बदलापूर ते परळ, तेही रोज, रेडिएशनच्या अंगाने. तुम्ही दोघींनी काय काढलं असेल याची कल्पना करू शकते.

पेप्टाइडं तोंडाने घेतली तर पोटात पचून जातात. शिरेतून दिली तर व्हीआयपी रक्तात मिनिटभरात मोडतं, आणि तेवढ्यातही अंगभर रक्तवाहिन्या फुलवून रक्तदाब पाडतं. आतड्यात पाणी सोडतं ते वेगळंच. व्हीआयपी तयार करणारी एक दुर्मीळ गाठ असते, त्या रुग्णांना पाण्यासारखे जुलाब होतात. नस हे पेप्टाइड नेमकं पेशीच्या दाराशी, थेंबाच्या अंशाइतकं सोडते. ते कसब गोळीत आणता येत नाही.

पायलोकार्पिन नावाची गोळी आहे, ती ॲसिटिलकोलिनची नक्कल करते. ग्रंथीत जिवंत पेशी शिल्लक असतील तर तिने काहींना आराम पडतो. दमा असेल किंवा काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असेल तर चालत नाही, आणि घाम फार येतो. आईंच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा, मनाने आणू नका.

चिकटपणाचं कारण असं. रेडिएशनचा मार पातळ लाळ करणाऱ्या पेशींना, म्हणजे पॅरोटिडला आधी आणि जास्त बसतो. म्युसिन करणाऱ्या पेशी त्या मानाने तगतात. पाणी देणारे गेले, चिकट देणारे राहिले. म्हणूनच आता किरणं पॅरोटिडला शक्य तितकी चुकवून देण्याची पद्धत आली. ब्रिटनच्या पार्सपोर्ट चाचणीत (२०११) वर्षभरानंतर त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीने ७४ टक्के रुग्णांना होती, नव्या पद्धतीने ३८ टक्क्यांना. आईंना कोणती पद्धत दिली ते कागदपत्रांत असेल. पॅरोटिडचा काही भाग वाचला असेल तर पहिल्या एक-दोन वर्षांत लाळ हळूहळू सुधारू शकते. सात महिने म्हणजे अजून वाट बघायचे दिवस आहेत.

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायची आहे. गिळणं सुरक्षित आहे असं गिळण्याच्या तज्ज्ञांनी सांगितलं असेल, तर सगळंच मिक्सरमधून काढू नका. उंदरांना पातळ आहारावर ठेवलं की त्यांची पॅरोटिड आकसते, चावायला मिळालं की पुन्हा भरते. चावणं हाच ग्रंथीकडे जाणाऱ्या नसेला सर्वात मोठा निरोप. आणि ग्रंथी जगवण्यात पेप्टाइडांचा हात आहे: उंदरांना नुसतं ॲट्रोपिन देत राहिलं तर पॅरोटिडचं वजन थोडं घटतं, नस तोडली तर त्याहून बरंच जास्त. ॲट्रोपिनने न अडणारं काहीतरी नसेतून येऊन ग्रंथीला पोसतं, असा त्याचा अर्थ. मऊ भात बोटांनी कुस्करून, दुधात भिजवलेली भाकरी, साखर नसलेलं च्युइंगगम, जे झेपेल ते. लिंबाच्या फोडी चोखायला देऊ नका. लाळ नसताना आम्ल दातांना खातं. फ्लोराइडचं काय करायचं ते दंतवैद्याला आत्ताच विचारा, दात किडायची वाट पाहू नका.

---

मोरपीस | मंगळवार, सकाळी ९:१०

ताई, वाचून दाखवलं आईला. "चावायला सांगितलंय" एवढंच दोनदा म्हणाली.

---

लोकलकरी | मंगळवार, दुपारी १:३०

दोन प्रश्न. ठेचा खाल्ला की तोंडात लाळेचा पूर येतो. मिरचीने सबस्टन्स पी सुटतं असं वाचलंय, मग ही तीच का? आणि इंटरव्ह्यूला बसलं की तोंड कोरडं ठाक पडून चिकट होतं, ते कसं?

---

नक्षत्रवेल | मंगळवार, रात्री ८:१५

ठेचा: नाव एक, जागा वेगळी. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या वेदनेच्या तंतूंना जागं करतं, त्यांची खबर मेंदूत जाते आणि तिथून लाळेच्या नसांना हुकूम सुटतो. पूर आणतो तो हा फेरा. वेदनेच्या तंतूंमध्ये सबस्टन्स पी असतं हे खरं, पण ग्रंथीच्या पेशींना उद्दीपित करणारं सबस्टन्स पी परानुकंपी नसेतून येतं.

इंटरव्ह्यू: भीतीने अनुकंपी, म्हणजे सिम्पथेटिक नस लाळ बंद करते असं सर्रास सांगितलं जातं, जुन्या टिपणांतही सापडेल. ते चूक आहे. अनुकंपी नस ग्रंथीला थांबवत नाही, उलट नॉरअ‍ॅड्रेनलिनने बीटा ग्राहीमार्फत प्रथिन सोडायला लावते, व्हीआयपीच्याच सायक्लिक एएमपीच्या वाटेने. कोरड पडते कारण मेंदू वरूनच परानुकंपी केंद्राला आवरतो. पाण्याचा हुकूम बंद झाला, प्रथिनाचा राहिला. तुमच्या इंटरव्ह्यूत, काकांच्या गोळीत आणि भूलवाल्या डॉक्टरांच्या नळीत चित्र पुष्कळसं सारखं आहे.

---

गवतीचहा | मंगळवार, रात्री १०:४०

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. बाबांची पॅरोटिडची गाठ चार वर्षांपूर्वी काढली. आता जेवायला बसले की त्याच बाजूच्या गालावर, कानापुढे घामाचे थेंब येतात. लोणच्याची फोड तोंडात टाकली तर धार लागते. लग्नाच्या पंगतीत बसायचं टाळतात. कुणाला सांगितलं तर हसतात.

---

भूलवाला_डॉक्टर | बुधवार, सकाळी ६:५५

गवतीचहा, अगदी विषयाला धरून आहे. याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. पॅरोटिड काढताना तिच्याकडे जाणारे तंतू तुटतात. ते पुन्हा वाढतात, पण ग्रंथी जागेवर नसते, म्हणून त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. घामाच्या ग्रंथीही ॲसिटिलकोलिनच ओळखतात. लोणचं तोंडात, हुकूम लाळेचा, आणि पाझरतो गाल. हसण्यासारखं यात काही नाही, आणि उपाय आहे. त्या भागाच्या त्वचेत बोट्युलिनम टॉक्सिनची बारीक इंजेक्शनं देतात, त्याने ॲसिटिलकोलिन सुटणं थांबतं. काही महिन्यांनी परत घ्यावी लागतात. कान-नाक-घसा सर्जनना दाखवा.

---

चिंचपोकळीकर | बुधवार, रात्री ९:००

सगळं वाचून एक खटकतंय. उंदीर, मांजर, फेरेट. माणसाचं काय? आमच्याकडे औषधांच्या जाहिराती पण "प्रयोगशाळेत सिद्ध" म्हणतात.

---

नक्षत्रवेल | बुधवार, रात्री ९:४५

खटकलं ते योग्यच. माणसाच्या काढलेल्या ग्रंथींचे छेद तपासले की व्हीआयपी असलेले तंतू पेशींभोवती आणि रक्तवाहिन्यांभोवती भरपूर दिसतात, ओठांतल्या बारीक ग्रंथींमध्येसुद्धा. सबस्टन्स पीचे तंतू पेशींभोवती विरळ. म्हणजे उंदरातलं सबस्टन्स पीचं चित्र माणसावर जसंच्या तसं डकवता येणार नाही, व्हीआयपीचं बरंच जवळ येतं. जिवंत माणसाची नस उघडून, तीन औषधांनी वाटा अडवून तिला वीज देणं कुणी करणार नाही, करूही नये. म्हणून काकांच्या तोंडाबद्दल मी पाणी आटल्याचं ठामपणे म्हणते आणि पेप्टाइडांचं "असणार" म्हणते.

---

नक्षत्रवेल | रविवार, सायंकाळी ६:२०

काकांचं कळवते. सोमवारी सकाळी त्यांना खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण दिलं होतं. खाण्याआधी, न बोलता, न चघळता, पंधरा मिनिटं तोंडात जमेल ती लाळ त्यात टाकायची. दीड मिलिलिटर किंवा त्याखाली आली तर ती खरोखर कमी. घरी कुणालाही करता येईल अशी ही मोजणी आहे. काकांची जेमतेम एक आली, फेसाळ आणि तार धरणारी. झाकण वाकडं केलं तरी तळाशी चिकटून राहिली.

तो आकडा एका कागदावर लिहून दिला आणि काका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. आकडा पाहून त्यांनी पाच मिनिटं प्रश्न विचारले. लघवीची गोळी बदलली. नवी बीटा-३ ग्राहीवर काम करते, ॲसिटिलकोलिनच्या वाटेत येत नाही. रक्तदाबावर लक्ष ठेवायला सांगितलंय. जुनी गोळी त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच थांबवली, हे मुद्दाम लिहिते, कुणी परस्पर बंद करू नका.

आज सहाव्या दिवशी पुन्हा मोजलं. अडीच मिलिलिटर, आणि झाकण कलंडलं की सरळ वाहिली.

---

मोरपीस | रविवार, रात्री ८:०५

ताई, आम्ही पण मोजलं. अर्धाच आला. पण तारीख टाकून वहीत लिहून ठेवलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणार. आज दुधातली भाकरी अर्धी चावून खाल्ली तिने, पाऊण तास लागला.

---

नक्षत्रवेल | रविवार, रात्री ८:३०

पाऊण तास लागू दे. मोजताना वेळ आणि झाकण दोन्ही तेच ठेवा, सकाळचीच वेळ. पुढचा आकडा इथेच लिहा.